डॉक्टरीणबाईंचा उजवा पाय

जेवणाचं टेबल विकून त्या जागी व्हायब्रफोन आणला, त्या दिवसापासून घरातली तिन्ही माणसं ओट्याशी उभ्याने जेवू लागली. नवऱ्याने एकदाच विचारलं, "आणि पाहुणे आले तर?"

"उभ्याने जेवणारे पाहुणे लवकर जातात," सासूबाई म्हणाल्या. "चांगलंच की."

विषय तिथेच मिटला.

वाद्य दिसायला देखणं होतं. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखीच मांडणी, फक्त इथे पट्ट्या अॅल्युमिनियमच्या आणि चांगल्या वीत-दीड वीत लांब. प्रत्येक पट्टीखाली एक उभी नळी. नळ्यांच्या तोंडाशी छोट्या चकत्या. मोटर चालू केली की त्या फिरायला लागतात आणि सूर पाण्यावरच्या उन्हासारखा हलतो. वाजवायचं ते सुताने गुंडाळलेल्या काठ्यांनी, एकेका हातात दोन-दोन धरून. आणि खाली, पायाशी, एक लांबट पेडल. ते दाबलं की सगळ्या पट्ट्या मोकळ्या होतात आणि सूर घुमत राहतो. सोडलं की नमद्याची एक दांडी खालून येऊन पट्ट्यांना टेकते आणि सूर जागच्या जागी गप्प होतो.

या पेडलनेच पुढे सगळा घोटाळा केला. म्हणजे पेडलचा तसा काही दोष नव्हता. दोष होता टॉवेलचा.

ती, म्हणजे घरची सून, दातांची डॉक्टर. दवाखाना सकाळी आणि संध्याकाळी. दुपारचा वेळ तिचा, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई आपल्या खोलीचं दार लोटून वामकुक्षी घेत. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, दुपारी दोन तास पडली तर पडू दे, अशा विचाराने तिने पहिल्याच आठवड्यात एक जुना टॉवेल फाडून त्याची लांब पट्टी केली आणि ती वाद्याच्या पट्ट्यांवर आडवी अंथरली. त्यानंतर वाद्यातून ठक ठक असा लाकडी आवाज तेवढा यायचा. सूर अगदी कान देऊन ऐकला तर कळायचा. तेवढा तिला पुरे होता. लहानपणी पाच वर्षं पियानो शिकलेली असल्यामुळे उरलेलं मन भरून काढायचं.

अशी तिने दीडेक वर्ष तयारी केली. जॅझ वाजवणाऱ्यांमध्ये काही जुन्या चाली स्टँडर्ड म्हणून चालत आलेल्या असतात. दोन अनोळखी वादक भेटले, एकाने चालीचं नाव घेतलं, दुसऱ्याने मान हलवली, की झालं. एकमेकांची नावं नंतर विचारायची. कागदावर फक्त मूळ चाल आणि वर कॉर्डांची, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडग्यांची, नावं. बाकी ज्याचं त्याने आयत्या वेळी रचायचं. बहुतेक चालींची घडण एकसारखी: पहिली ओळ, तीच पुन्हा, तिसरी वेगळी, आणि चौथी परत माहेरी आल्यासारखी पहिलीसारखी. ती या चाली एकेक करून, काळी एक, पांढरी चार अशा सगळ्या पट्ट्यांमधून घोटत होती. हात तयार होत होते. चारही काठ्या आता बोटांमध्ये न भांडता राहत होत्या.

आणि पाय? टॉवेल अंथरलेला असताना पेडल दाबलं काय नि सोडलं काय, फरक शून्य. तेव्हा उजव्या पायाने स्वतःची सोय पाहिली. तो पेडलवर निवांत टेकून राहायला लागला. पेडल हे सूर सोडण्या-धरण्यासाठी असतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिला ठाऊक असणं वेगळं आणि पायाला ठाऊक असणं वेगळं.

बँडचं आमंत्रण आलं ते दवाखान्यातच. एका निवृत्त भूमापक गृहस्थांची दाढ भरताना ती नेहमीसारखी स्वतःशी गुणगुणत होती. काम संपलं, गृहस्थांनी चूळ भरली आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीतला तो वाकडा कॉर्ड तुम्ही बरोबर घेतलात. कुठे शिकलात?"

हे बासवाले काका. माणसापेक्षा उंच वाद्य कडेवर घेतल्यासारखं धरून वाजवणारे. त्यांच्या चौघांच्या बँडमधल्या पियानोवाल्याची बदली झाली होती आणि महिनाअखेरीस वाचनालयाच्या अंगणात कार्यक्रम ठरला होता. पियानोच्या जागी व्हायब्रफोन चालेल, काका म्हणाले, चालेल काय, धावेल.

तिला त्या दिवशी पुढचे सगळे दात पियानोच्या पट्ट्यांसारखे दिसत होते.

तालीम बेकरीच्या मागच्या कोठीत व्हायची, कारण ड्रम वाजवणारा त्या बेकरीचा मालक. मैद्याच्या पोत्यांची थप्पी तिन्ही भिंतींना लावलेली. आवाज बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. बेकर कमी बोलणारा, भुवयांवर कायम थोडं पीठ. सॅक्सोफोन वाजवायची ती तरणतलावावर पोहायला शिकवणारी मुलगी. तिला सगळे मासोळी म्हणायचे. पहिल्या तालमीला नवऱ्याने नळ्या उचलल्या, तिने दोरीत ओवलेल्या पट्ट्या चटईसारख्या गुंडाळून काखेत मारल्या. टॉवेल घरीच राहिला. त्याचं इथे काय काम?

काकांनी चुटकी वाजवून लय दिली. तिने पहिला कॉर्ड टाकला. काय घुमला! दुसरा टाकला. तिसरा. चौथ्यापर्यंत पोचेतो कोठीत असा गलका माजला, की भांड्यांची मांडणी कोसळावी आणि कोसळणं संपूच नये. मासोळीने दोन ओळी नेटाने रेटल्या, मग तोंडातून सॅक्सोफोन काढला. बेकरने ड्रमवर फिरवायचे तारांचे ब्रश मांडीवर ठेवले.

"धुकं," तो म्हणाला. दिवसभरात त्याने उच्चारलेला बहुधा तेवढाच शब्द.

"थांबा, थांबा, माझा पाय..." तिने खाली पाहिलं. पाय पेडलवर निवांत बसला होता, पारावर बसल्यासारखा. तिने तो मुद्दाम उचलला. आता सगळे सूर तुटक पडायला लागले. पुन्हा टेकवला, पुन्हा गलका. पायाकडे लक्ष दिलं की हात सैरभैर व्हायचे; हातांकडे दिलं की पाय पुन्हा पारावर.

संथ चालीचं तर काही विचारूच नका. संथ चालीत सूर जास्त वेळ राहतो, म्हणजे चिखलही जास्त.

काका सभ्य माणूस. वाद्य भिंतीला टेकवून ते जवळ आले. "डॉक्टरीणबाई, तुमचा एकही कॉर्ड चुकीचा नाही. मी नीट ऐकलं. फक्त नवीन पाहुणे येतायत आणि जुने कोणी निघत नाहीत."

"मला एक आठवडा द्या."

"एकच देता येईल. कार्यक्रम डोक्यावर आलाय." काकांनी आवाज खाली आणला. "नाहीतर मला जावयाला बोलवावं लागेल."

"ते वाजवतात?"

"गिटार वाजवतो. तोच तर प्रश्न आहे. मुलगी वर्षभर मागे लागलीये, बाबा, ह्यांना घ्या ना बँडमध्ये. अहो, जावई चुकला तर बोलायचं कसं? वर वा म्हणायचं! जावई मुळातच दशमग्रह. त्याच्या हातात गिटार दिली की त्याला शनीसारखी कडीसुद्धा फुटतात." त्यांनी तिच्याकडे जवळजवळ हात जोडून पाहिलं. "तेवढा पाय सुधारा. माझ्यासाठी."

घरी येताना गाडीत ती आपल्या उजव्या पायाकडे बघत बसली होती. दीड वर्ष तिने एकच गोष्ट मनात धरली होती, की कधीतरी चार माणसांत बसून वाजवायचं. ती जागा समोर आली होती आणि उजवा पाय आड येत होता.

"मी खाली बसून दोरीने पाय ओढतो," नवरा म्हणाला. "तू नुसती मान हलवायची."

"खाली म्हणजे कुठे?"

"टेबलाखाली." मग त्याला आठवलं. "हं. टेबल नाही."

ती हसली, पण अर्धीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने टॉवेलची पट्टी काढून घडी केली. पाय पेडलवर ठेवला आणि जमेल तेवढ्या हळू एक कॉर्ड वाजवला. घुमत घुमत तो पार स्वयंपाकघरापर्यंत गेला. सासूबाईंचं दार उघडलं.

"सॉरी आई. झोपमोड झाली तुमची."

"कसली झोप?" सासूबाईंच्या हातात पुस्तक होतं, आणि पान हरवू नये म्हणून आत बोट. "खून झालाय. खुनी सापडायचाय."

"पण तुम्ही तर रोज दुपारी..."

"झोपते म्हटलं की कोणी हाक मारत नाही. वाचते म्हटलं की दर दहा मिनिटांनी 'आई, जरा', 'आई, जरा'. तुझा नवराच बघ ना." त्या वाद्याजवळ आल्या आणि एका पट्टीवर बोटाने टिचकी मारली. "हे असंही वाजतं?"

"असंच वाजतं. तुम्ही झोपता म्हणून मी टॉवेल घालत होते."

"अगं बाई! मला वाटलं त्याचा आवाजच तेवढा. ठक ठक. म्हटलं, हौसेने घेतलंय, स्वस्तात मिळालं असेल, आपण कशाला बोला."

म्हणजे एक जण दीड वर्ष दुसरीच्या झोपेला जपत होती, आणि दुसरी तिच्या हौसेला. दोन्ही जपणुकी फुकट गेल्या होत्या.

"बरं, मग वाजव की आता नीट," म्हणत सासूबाई वेताच्या मोड्यावर बसल्या. तिने संथ चालीची पहिली ओळ वाजवली. ओळ संपायच्या आत सासूबाईंचा हात वर गेला, वर्गात जावा तसा.

"फळा पूस की गं! एकावर एक लिहीत सुटलीस. मागच्या मुलांनी काय वाचायचं?"

"तेच जमत नाही आई. पायाने पुसायचं असतं ते."

पुढचे तीन दिवस तिने शास्त्रशुद्ध प्रयत्न केले. कागदावर प्रत्येक कॉर्डाखाली बाण काढले, वर जाणारे, खाली येणारे. लय मोजणारं यंत्र लावलं. पाय यंत्राच्या ठोक्याला उचलायचा, पण ठोक्याला उचललेला पाय चालीला काय समजणार? चाल जिथे श्वास घ्यायची तिथे पाय खाली, आणि जिथे सूर लांबवायचा तिथे पाय वर. कॉर्ड एकतर चिखलात रुतायचे, नाहीतर कात्रीने कापल्यासारखे पडायचे. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने जिन्यात विचारलं, "नवीन घंटी बसवलीत का? किती वेळ वाजते हो ती!"

चौथ्या दिवशी सासूबाईंची दाढ दुखायला लागली.

तशी ती आठवडाभर दुखत होती, पण डॉक्टर घरातली असली की माणूस दुखणं लपवतो. दुपारी दवाखाना रिकामा असताना तिने त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा वळवला, पाहिलं. कीड छोटी होती.

"सुई नको," सासूबाई म्हणाल्या.

"थोडं कोरावं लागेल. टोचेल."

"टोचू दे. सुई नको. चाळीस वर्षं मुलांना लसीच्या रांगेत उभं केलं, मी स्वतः कायम शेवटी उभी राहिले."

सुई न देता काम करायचं म्हणजे फार जपून. तिने ड्रिल चालू केलं. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले, खुर्चीचे हात धरले. ड्रिल थोडं चालायचं, थांबायचं. पुन्हा चालायचं, थांबायचं. ती गुणगुणत होती. आपण गुणगुणतो आहोत हेही तिच्या लक्षात नव्हतं. दाढ भरून झाली तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडले आणि जरा वेळ छताकडे पाहत राहिल्या.

"दुखलं का?"

"नाही ना. तेच बघतेय." त्यांनी चूळ भरली. "दुखणार असं वाटायचं, माझी भुवई हलायची, आणि तोवर ते यंत्र थांबलेलं असायचं. तुला कसं कळतं?"

"कळतं. सवयीने. तुमचा श्वास जरा अडकला की थांबवायचं."

"हाताने थांबवतेस?"

"नाही, पायाने. खाली पेडल असतं. दाबलं की चालतं, सोडलं की..."

तिची नजर खालच्या पेडलवर गेली.

सासूबाईंनी हनुवटी पुसली. "कुठल्या पायाने?"

"उजव्या."

"आणि घरी त्या वाद्याला कुठला?"

"उजवाच."



"म्हणजे पाय हुशार आहे," सासूबाई म्हणाल्या. "इथे वीस वर्षं पहिला नंबर काढतोय. घरी त्याला कोणी प्रश्नच विचारला नाही."

त्या दुपारी तिने बाण काढलेले कागद बाजूला ठेवले, लय मोजणारं यंत्र बंद केलं. सासूबाईंनी मोडा वाद्याच्या अगदी समोर ओढला.

"मी पेशंट," त्या म्हणाल्या. "गढूळ झालं की माझी भुवई हलणार. तू हातांकडे बघू नकोस, पायाकडे तर नाहीच नाही. माझ्याकडे बघ."

पहिल्या ओळीत भुवई सारखी नाचत होती. दुसऱ्या खेपेला कमी. तिसऱ्या खेपेला तिला एक गोष्ट जाणवली, ती अशी, की भुवई हलायच्या आधीच पाय उचलला जातोय. तिने उचलला नव्हता. नवा कॉर्ड पडायच्या क्षणी पायाने जुन्याला वाट करून दिली होती, आणि लगेच खाली येऊन नव्याला धरलं होतं. ड्रिलवर तो दुसऱ्याच्या श्वासाकडे कान लावून असतो, तसाच आता चालीच्या श्वासाकडे. तिने घाबरून तिकडे लक्ष दिलं, आणि अर्थातच सगळं बिघडलं. सासूबाईंच्या दोन्ही भुवया कपाळावर गेल्या.

"त्याचं तो करतोय ना? मग तू कशाला मधे तोंड घालतेस?"

संध्याकाळी नवरा आला तर बायको वाजवतेय आणि आई समोर बसून भुवया उडवतेय. तो दारातूनच म्हणाला, "कोणाला बोलवू? डॉक्टरांना की मांत्रिकाला?"

"तू जेव," आई म्हणाली. "उभ्याने."

पुढच्या तालमीच्या ठरलेल्या दिवशी नवऱ्याने पुन्हा नळ्या उचलल्या. सासूबाईही निघाल्या, त्यांच्याशिवाय जायला ती तयारच नव्हती. कोठीत पोचले तर पोत्यावर एक गोरागोमटा तरुण गिटार जुळवत बसलेला. काकांनी तिच्याकडे पाहून डोळे मिटले, म्हणजे मी बोलावलं नाही, मुलीने पाठवलंय.

"नमस्कार," जावई म्हणाला. "बाबा म्हणाले, गरज पडली तर."

"हो हो," काका म्हणाले, "पडली तर."

बेकरने सासूबाईंसाठी खुर्ची आणली, पीठ झटकून समोर ठेवली, आणि आत्ताच भट्टीतून काढलेला एक गरम पाव त्यांच्या हातात दिला. मासोळीने ओठ ओले केले. "ताई, संथवालीच घेऊया ना आधी? जे व्हायचं ते होऊन जाऊ दे."

काकांनी लय दिली. मासोळीने चाल उचलली. पोहायला शिकवणारीचा श्वास तो, पहिली ओळ एका दमात गेली. तिने कॉर्ड टाकला, दुसरा टाकला, आणि आधारासाठी समोर पाहिलं.

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. मांडीवर अर्धा पाव, मान किंचित एका बाजूला. गरम कोठी, गरम पाव, भरलेलं पोट. भुवया अगदी स्वस्थ.

हाक मारणार कशी? तिसरा कॉर्ड आला होता. पोत्यावर जावयाने गिटार मांडीवर घेतली. आता बघायचं तरी कुणाकडे? तिने मासोळीकडे पाहिलं. पोरीचे खांदे हळूहळू खाली येत होते. दम संपत आला होता. ते पुरते खाली आले, क्षणभर थांबले, आणि नवा श्वास घ्यायला वर उचलले गेले. त्याच क्षणी कोठी स्वच्छ झाली. एक सूर शिल्लक नाही. आणि त्या रिकाम्या जागेत तिचा पुढचा कॉर्ड पडला, एकटा, घुमत.

काकांनी बासवरून मान वर केली.

मग तिने बघणंही सोडलं. दुसरी ओळ गेली, तिसरी, ती वाकड्या कॉर्डाची, तीही गेली. चौथी माहेरी आली. बेकरचे ब्रश पिठावरून हात फिरवल्यासारखे सरसरत होते. मासोळीने भुवई उंचावून विचारलं, आणखी एक फेरी? ही भुवई वेगळ्या अर्थाची होती. तिने मान हलवली, आणि दुसऱ्या फेरीत मासोळी बाजूला झाली, पूर्ण ओळ तिच्यावर सोडून दिली. दीड वर्ष टॉवेलखाली ठकठक केलेले सगळे सूर, एकेक करून, बाहेर येऊन घुमले आणि वेळेवर घरी गेले.

शेवटचा कॉर्ड तिने धरून ठेवला. चकत्या फिरत होत्या, सूर हलत होता, बारीक होत होता. मग पायाने पेडल सोडलं.

"उजाडलं," बेकर म्हणाला.

मासोळीने सॅक्सोफोन बगलेत धरून टाळ्या वाजवल्या. काका वाद्य भिंतीला टेकवून जावयाकडे गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आवाजात जेवढा खेद आणता येईल तेवढा आणून म्हणाले, "जावईबापू, या खेपेला राहिलं बघा."

"सुटलो!" जावई म्हणाला. "बाबा, खरं सांगू? मला जॅझ कळत नाही. ती म्हणाली म्हणून आलो. या नळ्या गाडीत ठेवू का?"

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाला मनापासून वा म्हटलं.

ती वाद्याला वळसा घालून सासूबाईंच्या खुर्चीशी आली. वाकून म्हणाली, "आई, तुम्ही चक्क झोपलात? मी तुमच्या भरवशावर होते."

सासूबाईंनी सावकाश डोळे उघडले, मांडीवरचे पावाचे कण झटकले.

"कोण झोपलं? दवाखान्याच्या खुर्चीत तरी मी डोळे उघडे ठेवले होते का? दुखलं असतं तर उघडले असते."